ऑक्टोबर हीट? नो टेन्शन!

छत्री माळ्यावर टाकू की राहू दे? सप्टेंबर सरला की मुंबईकराला रोज सकाळी हाच प्रश्न. हवामान खात्याने २०२० मध्ये ठरवलेल्या तारखेनुसार मान्सून मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. मग वारे जमिनीकडून येतात, समुद्राची झुळूक उशिरा पोचते आणि पारा कधी ३५च्याही वर!

दादरच्या पुलावर शर्ट पाठीला चिकटतो आणि लोअर परळच्या एसी ऑफिसात तोच ओला शर्ट हुडहुडी भरवतो. फंडा साधा आहे: पॉलिस्टर कपाटात, अंगात सुती, बॅगेत पातळ जॅकेट नाहीतर स्टोल. रेडिमेड परवडत नसेल तर हिंदमाताला कापड घ्या, शिवून घ्या.

लालबागचे माझे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. ‘घाम पितो तोच खरा कपडा,’ म्हणायचे. १९८२च्या संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही. त्याच आवारात आज माझं काचेचं ऑफिस आहे. त्यांचा सुती सदरा मी जॅकेटच्या आत घालतो. ‘कुठून घेतलास रे?’ सगळे विचारतात.

संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर वारा सुटला, की जॅकेट बॅगेत. आणि छत्री? दसऱ्यापर्यंत राहू दे!