गाळलेलं पाणी, विकलेली माती



दशलक्षण तोंडावर आलंय. दरवर्षी या दिवसांत मी पारण्याच्या स्वयंपाकाबद्दल नाहीतर पूजेच्या तयारीबद्दल लिहिते. या वेळी एक कबुली लिहायची आहे. क्षमावाणीला सगळ्यांपुढे हात जोडताना मी एक गोष्ट मनातच ठेवत आले, ती. आणि ती बोलायचं बळ मला मिळालं रोममध्ये भरणाऱ्या कॅथलिक सिस्टरांच्या एका सभेमुळे. तुम्ही म्हणाल, त्यांचा आपला काय संबंध? सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा शिरोळ तालुक्यातली आम्ही कितीतरी माणसं घरं सोडून निघालो. आमच्या घराला उंचावरच्या एका गावातल्या शाळेत आसरा मिळाला. चातुर्मास चालू होता. सासूबाईंना रात्रीचं जेवण चालत नाही, कांदा-बटाटा नाही. छावणीत जेवण यायचं रात्री आठला. दोन दिवस त्या नुसत्या पाण्यावर राहिल्या, तेही स्वच्छ फडक्यातून गाळून घेतलेल्या.

मदतीला आलेल्यांत काही सिस्टर होत्या. त्यातल्या एका वयस्क सिस्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, आजी का जेवत नाहीत?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारलाच त्यांनी तांदूळ, मूगडाळ आणि घासलेलं पातेलं माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "तुम्हीच शिजवा. आजींच्या मनाला बरं वाटेल." सासूबाई अजूनही त्यांची आठवण काढतात.

पावसात करण्यासारखं काही नसायचं, तेव्हा त्या आमच्याशी बोलत बसायच्या. त्यांच्या संघाच्या प्रमुख, ज्यांना त्या मदर जनरल म्हणायच्या, त्या मे महिन्यातच रोमच्या सभेला जाऊन आल्या होत्या. ही सभा दर तीन वर्षांनी भरते. जगभरातल्या कॅथलिक सिस्टरांचे संघ वेगवेगळे. कुणी शाळा चालवतं, कुणी दवाखाने, कुणी नुसती प्रार्थना करतं. या संघांच्या प्रमुखांची मिळून एक संघटना १९६५ साली रोममध्ये स्थापन झाली. मे २०१९ च्या सभेला ८०० हून अधिक प्रमुख आल्या होत्या, सुमारे ८० देशांतून. सभेचा विषय होता आशा पेरणाऱ्या स्त्रिया. आणि संघटनेने आदल्याच वर्षी, २०१८ साली, एक अभियान सुरू केलं होतं, त्याचं नावही पृथ्वीसाठी आशेची पेरणी असंच.

पेरणी म्हटल्यावर माझे कान टवकारले. आम्ही पडलो शेतकरी जैन.

सिस्टर म्हणाल्या, आम्ही तीन व्रतं घेतो. ब्रह्मचर्य, आज्ञापालन आणि अपरिग्रह. (त्यांचा शब्द दारिद्र्य होता. मला ऐकताना आपला अपरिग्रहच आठवला.) आजवर आम्हाला वाटायचं, माझ्यापाशी दोन कपडे आहेत, झालं माझं व्रत. आता आम्ही एकमेकींना विचारतो की संघाच्या नावावर जी जमीन आहे, बँकेत जो पैसा आहे, त्याचं काय? मी एकटी गरीब राहून माझा संघ जर माती, पाणी नासणार असेल, तर ते व्रत कुणाचं?

तेव्हा मी मान हलवली. आपल्या आर्यिका माताजी डोळ्यांपुढे आल्या. एक पांढरी साडी, दिवसातून एकदा हातावर घेतलेला आहार, अनवाणी विहार. मनात म्हटलं, आपल्याकडे हे केव्हापासून आहे. पृथ्वीकायिक, जलकायिक, अग्निकायिक, वायुकायिक, वनस्पतिकायिक जीव आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केलेत. त्यांच्या पोपने २०१५ साली पृथ्वीबद्दल मोठं पत्र लिहिलं. त्याचं नाव आहे लाउदातो सी, म्हणजे तुझी स्तुती असो. संत फ्रान्सिसच्या एका जुन्या स्तोत्रातून ते नाव घेतलंय. त्या संताने सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण मानलं होतं. मला वाटलं, हे आता जागे झाले, आपण तर जागेच होतो.

इथेच माझं चुकलं.

पूर ओसरल्यावर उसाच्या जागी चिखल आणि कुजलेली पानं. सोसायटीचं कर्ज डोक्यावर. पुढे दोन वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा पाणी आलं. त्यानंतर वीटभट्टीवाला घरी आला. नदीकाठच्या आमच्या मळीच्या रानातली वरची तीन फूट माती त्याला हवी होती. ब्रासवर भाव. पैसे रोख. रानाच्या सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, म्हणून यांनी मला विचारलं. मी एका शब्दानेही अडवलं नाही. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, आणि खरं सांगायचं तर वाटलं, मातीच तर आहे, पूर आला की नवी येईल.

जेसीबी लागला त्या दिवशी सासूबाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या. खोऱ्यातून काळ्या मातीबरोबर गांडुळं वर येत होती, वळवळत ट्रॉलीत पडत होती. त्या काही वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाणी गाळायला शिकवलं मी तुला. गाळलेले जीव त्याच विहिरीत परत सोडायचे, हेही शिकवलं. हे जीव कुठं सोडणार आहेस?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या वर्षी दशलक्षणाची देणगीही त्याच पैशातून गेली.

त्यानंतर छावणीतलं सिस्टरांचं बोलणं मला वेगळंच ऐकू यायला लागलं. मग मी या सिस्टरांबद्दल मिळेल ते वाचत गेले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात त्यांच्या एका संघाची मक्याची शेती आहे. २००५ साली त्या संघाने जमिनीबद्दलचं आपलं धोरण लिहून काढलं की जमीन ही पवित्र देणगी, आपण तिच्या राखणदार. पुढे एका कंपनीला त्या शेतातून गॅसची पाइपलाइन न्यायची होती. सिस्टरांनी जमीन द्यायला नकार दिला. जुलै २०१७ मध्ये त्यांनी पाइपलाइनच्या वाटेवरच, मक्याच्या शेतात, उघड्यावर लाकडी बाकं मांडून प्रार्थनेची जागा केली. धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा आधार घेऊन कोर्टात गेल्या. कोर्टात हरल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये पाइपलाइन सुरू झाली.

हरल्या, पण त्यांच्या संमतीने काही झालं नाही. माझ्या रानात मात्र माझ्या संमतीने झालं.

ब्राझीलमध्ये डोरोथी स्टँग नावाच्या सिस्टर होत्या, मूळच्या अमेरिकेच्या. ॲमेझॉनच्या जंगलात छोट्या शेतकऱ्यांबरोबर राहून, जंगल न तोडता शेती कशी करायची ते बघत होत्या. मोठ्या जमीनदारांना ते सलत होतं. १२ फेब्रुवारी २००५ ला मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. तेव्हा त्या ७३ वर्षांच्या होत्या. एवढं धैर्य माझ्यात नाही, आणि ते माझ्याकडे कुणी मागतही नाहीये. माझ्याकडे मागितली होती फक्त एक सही.

मग घरात रत्नकरंड श्रावकाचार काढला. आचार्य समंतभद्रांचा हा ग्रंथ आपल्यापैकी बऱ्याच जणींनी स्वाध्यायाला वाचलाय. त्यात अनर्थदंडाचा भाग आहे. कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं तोडणं, हा सगळा प्रमाद म्हणून सांगितलाय. मी तो भाग कित्येकदा वाचला होता, पण प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरच आलं. नळ नीट बंद करावा, गॅस उगीच चालू ठेवू नये. रान डोळ्यांपुढे आलंच नाही. तुम्ही म्हणाल, आमच्यासाठी ते विनाकारण नव्हतं, कर्ज होतं. हे मीही मनाला पुष्कळदा सांगितलं. पण कर्ज फेडायचा दुसरा रस्ता आम्ही शोधलाच नव्हता, हेही तितकंच खरं.

आणखी एक गोष्ट मला त्या सिस्टरांकडून कळली. न्याय आणि पृथ्वी या दोन गोष्टी त्या वेगळ्या धरत नाहीत. त्याच रोमच्या संघटनेने २००९ साली तालिथा कुम नावाचं जाळं उभं केलं, विकल्या-फसवल्या जाणाऱ्या मुलींना आणि बायकांना सोडवण्यासाठी, सावरण्यासाठी. नावाचा अर्थ, मुली, ऊठ. मी आधी विचार केला, याचा मातीशी काय संबंध? मग आमची माती जिथे गेली त्या भट्टीवर एकदा गेले. बाहेरगावाहून आलेली कुटुंबं, उचल घेतलेली. माझ्या मुलीच्या वयाची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन विटा उलटत होती. तिच्या गावाकडे रान आहे का, विचारलं. म्हणाली, "आहे की, पण पिकत नाही." आमच्या मातीच्या पैशातून माझी मुलगी कॉलेजला गेली, आणि ती मुलगी त्याच मातीच्या विटा उलटत होती.

त्या सिस्टरांचा आहार वेगळा, देवाची कल्पना वेगळी. आपलं त्यांचं सगळं एकच, असं मी म्हणणार नाही. पण एकेकीने पाळायचं व्रत त्यांनी सगळ्यांनी मिळून, हिशेबाच्या वहीपर्यंत नेलं. आपलं व्रत मात्र गाळण्याच्या फडक्यापाशी थांबतंय, असं मला वाटतं.

या उन्हाळ्यात भट्टीवाला पुन्हा आला. उरलेल्या पट्ट्यासाठी. या वेळी मी यांना म्हटलं, "माझी सही मिळणार नाही." दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाई जेवताना म्हणाल्या, "माझ्या पाटल्या आहेत की." पाटल्या सोसायटीच्या हप्त्याला गेल्या. पुढच्या वर्षीचं काय, ते अजून ठरलेलं नाही. हे सकाळी रानात जातात, उकरलेल्या पट्ट्यात ताग पेरलाय तो बघून येतात. मला काही बोलत नाहीत, पण भट्टीवाल्याचा फोनही उचलत नाहीत.

आपल्या महिला मंडळात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी आपण एकेक नियम घेतो. एखादी गोड सोडते, एखादी नवी साडी. या वर्षी मी मंडळात विचारणार आहे, ज्यांच्या घरी रान आहे त्यांनी मिळून एक नियम घ्यायचा का, माती न विकण्याचा? एकटीने घेतला तर घरात भांडण होतं. दहा जणींनी घेतला तर तो गावाचा होतो. आणि जिच्यावर कर्जाची वेळ येईल तिला मंडळाच्या भिशीतून आधी द्यायचं, हेही त्यातच लिहू.

बाकी, त्या तीन फूट मातीतल्या जीवांपुढे मी क्षमावाणीची वाट न बघता आजच हात जोडते. आणि त्या भट्टीवरच्या मुलीपुढेही.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.