मी न विचारलेला कूलर

नागपुरात कुणाला "घरी कूलर आहे का?" असं विचारणं म्हणजे "तुम्ही जेवता का?" असं विचारण्यासारखं आहे. एप्रिल लागला की माळ्यावरचे, गच्चीवरचे लोखंडी कूलर खाली उतरतात. खिडकीला टेकतात, मोटर तपासली जाते, पाणी झिरपवणाऱ्या ताट्या बदलल्या जातात किंवा गेल्या वर्षीच्याच झटकून पुन्हा बसवल्या जातात. पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, नवतपाचे नऊ रखरखीत दिवस येतात, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत अख्खं शहर त्या ओल्या वाऱ्यात झोपतं. माझ्या घरीही कूलर आहे. छातीच्या आजारांचा डॉक्टर म्हणून जवळपास वीस वर्षं मी एकाही पेशंटला हा प्रश्न विचारला नाही, त्याचं कारण बहुधा हेच असावं. जे सगळ्यांकडे असतं ते डोळ्यांना दिसत नाही.

आमची पिढी घडली ती टीबीवर. खोकला म्हणजे टीबी. टीबी नाही हे सिद्ध झालं, तर पुढचा विचार. ही सवय चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. पण तिच्यापायी एक वर्ग कायम अंधारात राहिला. कोरडा खोकला, जिना चढताना दम, बेडका तीनदा निगेटिव्ह, आणि एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसांत कोळ्याच्या जाळ्यासारखी छाया. पाठीला स्टेथोस्कोप लावला की बीपीच्या यंत्राचा पट्टा उघडताना होतो तसा चरचर आवाज. तो ऐकला की मी कागदावर एकच शब्द लिहायचो : फायब्रोसिस. त्याखाली तीन औषधं. प्रेडनिसोलोन, अझाथायोप्रिन आणि एन-अॅसिटिलसिस्टीन. मग नातेवाइकाला बाहेर पॅसेजमध्ये न्यायचं, आवाज खाली आणायचा आणि सांगायचं, "दोन-तीन वर्षं."

फुप्फुसात जाळं विणणारे आजार शंभराहून जास्त आहेत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण त्यांची वेगवेगळी नावं शोधणं हे पेपर छापणाऱ्यांचं काम, असं माझं ठाम मत होतं. मित्रांत मी त्यांना 'छापखानेवाले' म्हणायचो. दिवसाला साठ पेशंट तपासणाऱ्याला कसला आलाय वर्गीकरणाचा शौक? नाव काहीही असो, उपचार तोच आणि शेवटही तोच. हे वाक्य मी ज्युनिअर मुलांनाही ऐकवलं आहे, आणि त्यांनी वहीत उतरवून घेतलं आहे.

पहिला धक्का 2012 मध्ये बसला. 'पँथर' नावाची एक चाचणी अमेरिकेत चालू होती. इडिओपॅथिक पल्मोनरी फायब्रोसिस, म्हणजे कारण न सापडणारा, फुप्फुस हळूहळू वाळवत नेणारा जो फायब्रोसिस, त्याच्या रुग्णांवर. 77 जणांना ती तीन औषधं, 78 जणांना नुसत्या गोळ्यांचं सोंग. कुणाला काय मिळतंय हे ना पेशंटला माहीत, ना डॉक्टरला. ऑक्टोबर 2011 मध्ये हा तीन औषधांचा भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. औषधं घेणाऱ्यांत 8 मृत्यू, न घेणाऱ्यांत 1. रुग्णालयात भरती व्हावं लागलेले एकीकडे 23, दुसरीकडे 7. माझ्या चिठ्ठीवरची नेमकी तीच तीन औषधं.

माझी पहिली प्रतिक्रिया काय होती? "त्यांचे पेशंट वेगळे." हा आपला हक्काचा आडोसा. दोन दिवस मी त्यामागे लपलो. तिसऱ्या रात्री जुनी रजिस्टरं काढून बसलो. या तीन औषधांनी माझ्या हातून किती जणांचं नुकसान झालं असेल, ते मोजावं म्हणून. आणि तिथे मला जे कळलं ते चाचणीच्या आकड्यांहून वाईट होतं : मला मोजताच येईना. चाचणी एका नेमक्या आजाराची होती. या कुळातल्या दुसऱ्या काही आजारांत स्टेरॉइडचा उपयोगही होतो. माझ्या रजिस्टरात मात्र वर्षानुवर्षं 'फायब्रोसिस' हा एकच शब्द खालीखाली उतरत गेलेला. कुणाला मी जपलं आणि कुणाला लोटलं, हे सांगणारी खूणच मी ठेवली नव्हती. माणूस चुकतो हे ठीक. चूक कुठे झाली तेही सापडू नये, अशी व्यवस्था मी स्वतःच्या हातांनी करून ठेवली होती.

यानंतर मी सुधारलो असं वाटत असेल, तर तसं नाही. अझाथायोप्रिन सोडलं, एवढंच. शब्द तोच राहिला आणि दोन-तीन वर्षंही तीच राहिली.

मग एक बाई आली. पन्नाशीची, शिलाईकाम करणारी. टिनाच्या छताखालच्या खोलीत खिडकीशी मशीन. मी आधी टीबीची औषधं दिली, बेडका निगेटिव्ह असताना, 'बघू तरी' म्हणून. मग फायब्रोसिस. मुलाला पॅसेजमध्ये नेऊन ते वाक्यही सांगून झालं. एकदा तपासणीत ती सहज म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मी माहेरी गेली का मले बरं वाटते जी." मी हसलो. म्हणालो, "माहेरी सगळ्यांनाच बरं वाटतं." तीही हसली, नर्सही हसली. विनोद चांगलाच जमला होता. निदान तिने माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं आणि मी ते हसून खाली पाडलं.

2017 मध्ये भारतातली या आजारांची पहिली मोठी रजिस्ट्री प्रसिद्ध झाली. जयपूरच्या डॉ. शीतू सिंह आणि त्यांचे सहकारी. 19 शहरांतली 27 केंद्रं, 1,084 रुग्ण. पाश्चात्त्य पुस्तकं वाचून मला वाटायचं की कारण न सापडणारा तो प्रकारच आपल्याकडेही जास्त असणार. तो निघाला 13.7 टक्के. सगळ्यांत जास्त, 47.3 टक्के, निघाला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. हा जंतुसंसर्ग नव्हे. श्वासातून सतत आत जाणाऱ्या बुरशीच्या, पक्ष्यांच्या विष्ठेच्या किंवा पिसांच्या बारीक कणांवर शरीर नको तितकं चिडतं आणि त्या चिडीत स्वतःचंच फुप्फुस सुजवून घेतं. सूज वर्षानुवर्षं राहिली की तिचे व्रण होतात. ओल्या, कुबट गवतात काम करणाऱ्या शेतकऱ्यांचा असा आजार इंग्लंडमध्ये 1932 मध्येच नोंदवला गेला होता. आपल्या रजिस्ट्रीत या आजाराच्या रुग्णांपैकी 48.1 टक्के लोकांच्या भोवती होता कूलर.

मी भांडलो. नागपूरकर भांडणारच! मेच्या महिन्यात आमच्या कुठल्याही शंभर माणसांना उभं करा आणि विचारा. पायात चप्पल आणि घरात कूलर बहुतेकांच्या निघेल. निरोगी लोकांचा गट शेजारी ठेवून तुलना केल्याशिवाय कूलरला आरोपी कसं ठरवणार? हा आक्षेप मला आजही रास्त वाटतो, आणि तो मी मागे घेतलेला नाही. मागे घेतला तो त्याआडचा आळस. कूलर दोषी आहे की नाही हा पुढचा प्रश्न. मी साक्षीदाराला बोलावलंच नव्हतं.

त्या शिलाईकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला म्हटलं, कूलरची ताटी दाखवायला आण. तो प्लास्टिकच्या पिशवीत तुकडा घेऊन आला. गाठ सोडली आणि केबिनभर तळघरातला वास पसरला. बाहेरून ताटी करडी होती. आतल्या बाजूला काळपट हिरवा थर, बोटाला मऊ लागणारा, आणि वाळलेल्या ठिकाणी टिचकी मारली की धूर उडावा तशी पूड. शेवटची कधी बदलली? मुलगा आठवत राहिला. हा वारा दिवसभर मशीनवर वाकलेल्या त्या बाईच्या तोंडावर यायचा. आणि माहेर? कुही तालुक्यात, कवेलूचं घर, कूलर नाही.

नव्याने सीटी केला. काही भाग धुरकट, काही काळे, काही नेहमीसारखे, असं तीन रंगांचं ठिगळकाम त्यात होतं. आधीच्या सीटीतही ते होतं. मी फिल्म उजेडासमोर धरून शब्द लिहून मोकळा झालो होतो. कूलर बंद, मशीन दुसऱ्या खोलीत, आणि स्टेरॉइड; या वेळी कशासाठी हे ठाऊक असून. धंतोलीतल्या आमच्या इमारतीत तीस मीटरचा सरळ पॅसेज आहे. त्यात मी तिला सहा मिनिटं चालवलं. बोटाला ऑक्सिमीटर, तिच्या मागे मी. पहिल्यांदा ऑक्सिजन 84 पर्यंत घसरला होता. नऊ महिन्यांनी 90 च्या खाली गेला नाही. व्रण गेले नाहीत, जाणारही नाहीत. पण मी दिलेली मुदत उलटून गेली आहे आणि ती अजून ब्लाउज शिवते.

ते दोन-तीन वर्षांचं वाक्य माझ्याकडे आलं कुठून? कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसच्या जुन्या अभ्यासांतून. ते आकडे मी जाळं दिसणाऱ्या प्रत्येक माणसावर चिकटवत होतो. 2013 मध्ये डेन्व्हरच्या डॉक्टरांनी हा चिडीचा आजार जुनाट झालेल्या 142 रुग्णांचा अभ्यास छापला होता. निम्म्याहून अधिक जणांत नेमकं कारण सापडलं नाही, आणि ज्यांचं सापडलं ते जास्त जगले. वाचताना मी खुर्चीतून उठलो होतो. विचारणं ही निदानाआधीची औपचारिकता, शिष्टाचार वगैरे समजत आलो होतो. इथे तर पेशंट किती जगणार याचा संबंध त्याच्याशी लागत होता.

आता मी विचारतो. कूलर, ताटी, टाकीतलं पाणी, कबुतरं, भिंतीची ओल, गोदामातलं धान्य, कापसाचं जिनिंग. कोराडी-खापरखेड्याकडचा असेल तर राख, उमरेडकडचा असेल तर खाण. ओपीडी रात्री दहापर्यंत चालते आणि बायको बोलते. टिनाखाली राहणाऱ्याला मेमध्ये कूलर बंद कर म्हणणं सोपं नाही. एसीचं बिल मी भरणार नाही, हे त्याला आणि मला दोघांनाही कळतं. आजार पक्का असेल तर तरीही म्हणतो. नसेल तर ताट्या दर वर्षी नव्या आणि टाकी वेळच्या वेळी रिकामी, एवढंच सांगतो. त्याने किती फरक पडतो याचा पुरावा माझ्याकडे नाही, हेही सांगतो. 'दोन-तीन वर्षं' म्हणणं सोडलं आहे. चालवून बघतो, तीन-चार महिन्यांनी फुंकर-चाचणी (स्पायरोमेट्री) पुन्हा करतो आणि मग बोलतो, पेशंटसमोर, पॅसेजमध्ये नाही.

गेल्या पावसाळ्यात जुन्या रजिस्टरांतले फोन नंबर लावायला घेतले. बरेच बंद आहेत. एक लागला. सुनेने उचलला. सासरे जाऊन सात वर्षं झाली म्हणाली. मी थोडा घुटमळलो, मग विचारलंच.

"कूलर? होता ना जी," ती म्हणाली. "आताही तोच आहे."