चार फुटांची ओसरी

वाड्याला ओसरी असे, सदनिकेला पॅसेज असतो. दोहोंमधील फरक केवळ रुंदीचा नाही. ओसरीवर आलेल्या माणसाला थांबता येई. पादत्राणे काढावीत, गाळलेले पाणी प्यावे, घटकाभर टेकावे. पुढे आत जायचे की तेथूनच परतायचे, हे कामावर ठरे. पॅसेज मात्र नुसता ओलांडायचा असतो. त्याच्या भिंतींवर पितळी घंटा आणि बाजारात नव्याने घडविलेल्या ‘जुन्या’ वस्तू कितीही टांगल्या, तरी तेथे ओसरी अवतरत नाही.

फलटणच्या बाजारपेठेतील एका कापडव्यापारी कुटुंबाने आपला वाडा पाडून नवी इमारत बांधण्यास दिला, तेव्हा धाकट्या भावाने दर्शनी दाराची सागवानी चौकट पुण्याच्या सदनिकेत आणली. ललाटपट्टीवर मधोमध मंगलकलश आणि दोन्ही अंगांना वेलबुट्टी. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने चांगला भाव सांगितला आहे, चौकट विकून पैसे निम्मे वाटून घ्यावेत, असे थोरल्या भावाचे मत होते. व्यवहार म्हणून त्यात वावगे काहीच नव्हते. धाकट्याने त्याच भावाने निम्मी रक्कम थोरल्यांच्या खात्यात भरली. हिशेब चुकता झाला. मात्र थोरल्यांचे पाऊल धाकट्याच्या घराकडे वळेनासे झाले.

चौकट 5 फूट रुंद, पॅसेज 4 फुटांचा. दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच कापून ती बसवून देतो, असे सुतार म्हणाला. असे कापलेले सागवान आज अनेक घरांतून दिसते, आणि अर्धी तुटलेली वेल पाहून कोणालाच काही वाटत नाही, याचे नवल वाटते. येथे धाकट्या सूनबाईंनी वेगळा मार्ग काढला. चौकट वाटेत आडवी न घालता लांबच्या भिंतीला लावून अखंड उभी करावी आणि तिच्यात आरसा बसवावा. दर्पण अष्टमंगलांपैकी एक. त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांची त्याला हरकत नव्हती. शिवाय खिडकी नसलेल्या त्या जागेत बैठकीतील उजेड आरशातून परावर्तित होऊन आतपर्यंत पोहोचू लागला.

प्रश्न उरला उंबऱ्याचा. त्याचे बाक करावे, ही सुताराची सूचना आजींनी तत्काळ फेटाळली. ‘उंबऱ्यावर का कोणी बसते?’ उंबरा चौकटीच्या तळाशी, भिंतीलगतच राहिला. तेथे तो कोणाच्या पायात येत नाही आणि निर्वाणदिनी त्यावर अक्षतांचा स्वस्तिक काढता येतो. बाक झाले ते माडीच्या जिन्याच्या फळ्यांचे, केवळ 12 इंच रुंदीचे. उरलेल्या 36 इंचांतून आजींचा वॉकर सहज जातो.

लाकडाला पॉलिश कोणते करावे, यावर दोन दिवस चर्चा झाली. सुतार नेहमीचे स्पिरिटचे पॉलिश करणार होता. ते चपडा लाखेपासून बनते. लाख हा किड्यांचा स्राव, आणि ती काढताना असंख्य किडे मरतात. रेशीम वर्ज्य मानणाऱ्या अनेक घरांतही ही गोष्ट ठाऊक नसते. अखेर जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. ते वाळण्यास वेळ लागतो, हे खरे. आणखी एक पथ्य आवर्जून पाळावे: या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी. दिव्यांच्या बाबतीतही हाच विचार झाला. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे कीटक अधिक ओढले जातात, म्हणून 2700 केल्विनचे पिवळसर एलईडी लावले.

जमीन तेवढी नवी केली. फलटणच्या माडीवर नक्षीदार सिमेंटच्या फरश्या होत्या. मुंबईत 1922 साली सुरू झालेली भारत फ्लोअरिंग टाइल्स अशा फरश्या आजही बनविते. त्या भट्टीत भाजत नाहीत. दाबयंत्राखाली दाबून पाण्यात मुरवतात. पॅसेजच्या 60 चौरस फुटांपुरत्या त्या घातल्या. ॲसिडने पुसू नयेत, लिंबाचा रस सांडला तर लगेच टिपावा, एवढेच जपायचे.

पर्युषणानंतर क्षमायाचनेसाठी थोरले आले. ‘जय जिनेंद्र’ म्हणून बाकावर टेकले, पाणी प्याले. कलशावरून बोट फिरवीत त्यांनी विचारले, ‘कापली नाहीस?’ मग बराच वेळ ते तेथेच बसून राहिले. आत बैठकीत गेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. वाटणीत त्यांच्याकडे गेलेले पेढीवरचे उतरत्या झाकणाचे डेस्क त्यांच्या घरी नुसते झाकून ठेवले आहे, ते येथे शोभेल, असे त्यांचे म्हणणे. डेस्कची खोली 18 इंच आहे. बाकाच्या ओळीत ठेवले तर आजींचा वॉकर अडेल. पॅसेजच्या टोकाच्या भिंतीशी ते बसते का, हे पाहण्यासाठी सुताराला पुन्हा बोलावले आहे.