वाद्य बाजूला ठेवल्यावर

10 मे 1918 हा शुक्रवार होता. ब्रुकलिनच्या एका सिनेगॉगचे रब्बी इस्राएल गोल्डफार्ब त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या आवारात बसले असताना त्यांना ‘शालोम अलेखेम’ या गीताची एक चाल सुचली. शुक्रवारी दिवेलागणीनंतर, जेवणाच्या टेबलाशी बसून, शब्बातच्या म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या स्वागताला ज्यू कुटुंबं हे गीत म्हणतात. चाल त्याच वर्षी एका छोट्या संग्रहात छापली गेली. आज ती जगभरच्या घरांत गायली जाते आणि गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती शेकडो वर्षांची पारंपरिक चाल वाटते. गोल्डफार्बांचे धाकटे बंधू सॅम्युअल हेही याच वाटेवरचे. न्यूयॉर्कमध्ये ज्यू शाळांच्या संगीताचं काम पाहताना 1927 साली त्यांनी भोवऱ्याच्या एका गाण्याला चाल दिली. हनुका आला की अमेरिकेतलं प्रत्येक ज्यू मूल ते गातं. चाल कुणाची हे कुणी विचारत नाही.

ज्यू डे स्कूलमध्ये संगीत शिकवणाऱ्याच्या धंद्याचं मोजमाप इथून घ्यावं. मुलांनी वर्गात, पियानोच्या आधाराने, समोर उभ्या शिक्षिकेकडे पाहत गाणं म्हणणं ही यातली पहिली आणि सर्वांत सोपी पायरी. खरी परीक्षा शुक्रवारी सूर्यास्तानंतर सुरू होते. ऑर्थोडॉक्स घरांत शब्बातला वाद्य वाजवत नाहीत, काही लिहीत नाहीत, ध्वनिमुद्रणही करत नाहीत. म्हणजे गिटार गेली, गाण्याचा कागद विसरला तर उतरवून घेणं गेलं, फोनमधला आवाज गेला. शिक्षिका तर तिच्या घरी. टेबलापाशी आठ वर्षांचं पोर, त्याची आई, आजोबा आणि आलेगेले पाहुणे. एवढ्या भांडवलावर गाणं उभं राहिलं तरच ते शिकवलं गेलं असं म्हणता येतं.

अशा शाळांत दिवसाचे दोन भाग असतात. एका भागात हिब्रू, प्रार्थना आणि तोराचा अभ्यास, दुसऱ्यात गणित, विज्ञान, इंग्रजी. संगीत दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं, आणि त्याचा अभ्यासक्रम कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा पंचांग ठरवतं. हे पंचांग शिक्षिकेला सुरुवातीलाच कात्रीत धरतं. शाळा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये उघडते, तो बहुधा एलूल महिना. त्यात शब्बात सोडून रोज सकाळी शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकलं जातं. पाठोपाठ तिश्रीत नववर्ष, प्रायश्चित्ताचा दिवस, मांडवांचा सण आणि तोराचा आनंदोत्सव अशी रांग लागते. वर्षातल्या सगळ्यांत अवघड आणि गंभीर चाली ज्या वेळी लागतात, नेमकं त्याच वेळी पहिलीतल्या पोरांना आपली जागा कुठली हेही ठाऊक नसतं. मग येतो हेश्वान. या महिन्यात एकही सण नाही. बाकीचे लोक त्याला रुक्ष म्हणतात, पण संगीत शिक्षकाला वर्षातला हाच खरा शिकवायचा महिना मिळतो. सूर जुळवणं, श्वास कुठे घ्यायचा, दुसऱ्याचा आवाज ऐकत आपला कसा लावायचा, हा पाया इथेच घातला पाहिजे. हेश्वान वाया घालवला की हनुकाच्या कार्यक्रमात ते ऐकू येतं.

चाल निवडताना पहिला प्रश्न पट्टीचा. लहान मुलांचा गळा साधारण पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत सुखात चालतो. मोठ्या माणसांना, विशेषतः पुरुषांना, हेच एक सप्तक खाली हवं असतं, आणि बायकांना मधलं काहीतरी. वाद्य नसलं की पट्टी ठरते ती जो पहिला तोंड उघडेल त्याच्यावर. तो सहसा घरातला मोठा पुरुष असतो. तो खाली धरतो आणि मुलं घशात गुरगुरू लागतात. म्हणून जाणती शिक्षिका गाण्याइतकंच गाणं उचलणं शिकवते. वर्गातलं एकेक मूल पुढे येतं, डोळ्यांपुढे गाण्यातला सर्वांत उंच शब्द आणतं, तो मनात गाऊन पाहतं आणि मग पहिला सूर लावतं. हे कौशल्य मैफलीच्या गवयाला लागतं तसंच सहा वर्षांच्या मुलालाही लागतं, आणि ते शिकवता येतं.

दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे. एका वर्गातल्या मुलांच्या घरी एकाच प्रार्थनेच्या वेगवेगळ्या चाली असतात. ‘लेखा दोदी’ हे सोळाव्या शतकात सफेद गावी श्लोमो अल्काबेत्झ यांनी रचलेलं गीत शेकडो चालींत गायलं जातं. पोलंडहून आलेल्यांची चाल एक, मोरोक्कोची दुसरी, बगदादची तिसरी, बुखाराची चौथी. शाळेने सोयीसाठी एक चाल ठरवली की ती तीनशे मुलांबरोबर तीनशे घरांत जाते. आजोबांची चाल मग ‘चुकीची’ ठरते. तसं कुणी म्हणत नाही, पण पोर घरी येऊन शाळेच्या चालीत गाऊ लागतं आणि आजोबा गप्प बसतात. शाळेच्या हातून होणारं यापेक्षा मोठं नुकसान शोधावं लागेल.

यावर उपाय आब्राहम त्स्वी इडेलसोन यांनी करून ठेवला आहे. लाटव्हियात जन्मलेले इडेलसोन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेरुसलेमला आले आणि तिथे शाळेत संगीत शिकवू लागले. एकाच शहरात त्यांच्या कानावर येमेन, इराण, बुखारा, इराक, सीरिया इथल्या ज्यूंचं गाणं पडलं. त्यांनी कुणालाही दुरुस्त केलं नाही. फोनोग्राफ घेऊन ते लोकांकडे गेले, एकेका समाजाच्या चाली मुद्रित केल्या आणि 1914 ते 1932 या काळात दहा खंडांत छापल्या. सादिगोराच्या हसिदी लोकांची एक शब्दाविना गायची धून त्यांनी गाण्याला लावली, तीच पुढे ‘हावा नागीला’ म्हणून जगभर गेली. तिचे सूर मराठी कानाला परके वाटू नयेत. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद, म्हणजे बसंत मुखारीचीच स्वरपंक्ती. शाळेतली शिक्षिका फोनोग्राफऐवजी मुलांना कामाला लावू शकते. घरच्या वडीलधाऱ्यांकडून एक चाल तोंडपाठ करून आणायची आणि वर्गाला शिकवायची. त्या आठवड्यात सगळा वर्ग त्या एका घराच्या चालीत गातो. वर्षअखेर मुलांच्या ओंजळीत एका शब्दांच्या बारा-पंधरा चाली असतात, आणि कुठल्याही घरी पाहुणे म्हणून गेली तरी त्यांना तिथल्या गाण्यात शिरता येतं.

सगळ्या कामात सर्वांत खोल काम तोरा वाचनाचं. वाचन हा शब्द फसवा आहे, कारण तोरा गाऊनच वाचतात. प्रत्येक शब्दाला स्वराची खूण असते, तिला तआम म्हणतात. तिबेरियाच्या विद्वानांनी नवव्या-दहाव्या शतकात या खुणा पक्क्या केल्या. खूण स्वर दाखवते, शब्दातला आघात दाखवते आणि कुठला शब्द कुठल्याला जोडायचा, कुठे थांबायचं हेही सांगते. व्याकरण आणि संगीत इथे एकाच वेलांटीत बसवलं आहे. मेख अशी की सिनेगॉगमधल्या हस्तलिखित गुंडाळीत यातलं काहीच नसतं. खुणा नाहीत, स्वरचिन्हं नाहीत, नुसती व्यंजनं. तेरा वर्षांचा मुलगा बार मित्झ्वाला उभा राहतो, टोकाला इवलासा हात असलेली चांदीची काडी ओळीवरून फिरवतो आणि जे लिहिलेलं नाही ते आठवून गातो. उदारमतवादी समाजांत मुलीही तसंच गातात. यासाठी सरावाच्या पुस्तकात एका बाजूला खुणांसह मजकूर असतो, दुसऱ्या बाजूला गुंडाळीत असतो तसा उघडा. पोरं आधी या बाजूने, मग त्या बाजूने असं महिनोन् महिने करतात.

हे शिकवायची सर्वांत चांगली पद्धत सर्वांत जुनी आहे: हाताने. खुणा हाताने दाखवण्याचा उल्लेख तालमूदमध्ये येतो, राशी या अकराव्या शतकातल्या भाष्यकारानेही तिचं वर्णन केलं आहे. वर्गात एक जण गातो, दुसरा हवेत हात हलवून खुणा दाखवतो. चढण, वळण, थांबा. जे मूल अक्षरांत अडखळतं ते पुष्कळदा हातात अडखळत नाही.

आणि मग शालशेलेत. ही वर-खाली तीन लाटा घेणारी लांबलचक खूण संपूर्ण तोरात फक्त चार वेळा येते. लोट शहर सोडताना घुटमळतो तिथे. अब्राहामचा सेवक विहिरीपाशी प्रार्थना करतो तिथे. योसेफ मालकाच्या बायकोला नकार देतो तिथे. आणि आहरोनाच्या दीक्षाविधीत मोशे बळी देतो तिथे. पहिल्या तीन ठिकाणी माणसाची घालमेल ऐकू येते. चौथ्या ठिकाणी कशाची, हा प्रश्न पाचवीच्या वर्गाला घातला की तास संपेपर्यंत वाद चालतो. धाकट्या भावाला याजकपद मिळतंय ही मोशेची कळ आहे, असं कुणीतरी म्हणतं. खरं तर आहरोन मोठा, मोशे धाकटा. ते दुसरं कुणीतरी लगेच सांगतं आणि पहिल्याला आपला मुद्दा नव्याने मांडावा लागतो. एका तानेवरून मुलं ग्रंथाचा अर्थ लावू लागतात. संगीताच्या तासाकडून याहून जास्त काय मागायचं?

गाण्यातून सगळ्या समाजाची शाळा भरवण्याचा एक प्रयोग मराठीतही झाला. 1875 साली हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी मुंबईत बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदुरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, माझगावात ती आजही आहे. शाळेनंतर पाच वर्षांनी, 1880 मध्ये, याच समाजातल्या मंडळींनी कीर्तन सुरू केलं. हिंदू कीर्तनं त्यांनी ऐकलेली होती. साचा तोच ठेवून त्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी पदांत रचली. हिब्रू ज्यांना कळत नव्हतं त्या आज्या, कामावरून आलेले पुरुष, मांडीवरची पोरं या सगळ्यांना आपल्या पूर्वजांच्या कथा कीर्तनकाराने आईच्या भाषेत ऐकवल्या. समाजाने शाळा आणि कीर्तन जवळजवळ एकाच वेळी उभं केलं, यात मोठं शहाणपण होतं. एकाने मुलांना इंग्रजी-हिब्रूकडे नेलं, दुसऱ्याने घरातल्या मोठ्यांना मागे पडू दिलं नाही. 1948 नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. माझगावच्या शाळेत आज बहुसंख्य मुलं इतर धर्मांची आहेत. पण डिमोना असो की अलिबाग, मलिद्याच्या ताटाभोवती एलियाहू हनाबी या प्रेषिताचं गाणं म्हणायला सगळ्या पिढ्या एकत्र बसतात. अमेरिकेतल्या शाळांनी या कीर्तनाकडे जरूर पाहावं. तिथे पालकांना कार्यक्रमाला बोलावतात, खुर्च्यांवर बसवतात आणि टाळ्या वाजवायला लावतात. कीर्तनात श्रोत्याला ध्रुपद धरावंच लागतं.

हनुकाच्या कार्यक्रमाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, तो कसाही केला तरी गोड होतो. ‘ब्रुन्दिबार’ची गोष्ट वेगळी. हान्स क्रासा यांनी 1938 मध्ये लिहिलेला हा मुलांचा ऑपेरा तेरेझीनच्या छळछावणीत 55 वेळा झाला. अधूनमधून गाणारी मुलं आउशवित्झकडे जाणाऱ्या गाड्यांत घातली जात आणि त्यांच्या जागी नवी मुलं उभी राहत. शाळा तो बसवतात, तेव्हा शिक्षिकेपुढे प्रश्न असतो की मुलांना हे केव्हा सांगायचं. सूर पक्के होण्याआधी सांगितलं तर गळे आवळतात. सांगितलंच नाही तर तो खोटेपणा. आधी गाणं नीट बसवावं, कारण तिथल्या मुलांनी ते नीट बसवलं होतं. मग सांगावं, आणि त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून तालीम घ्यावी.

पेसाख सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून ओमेरचे 49 दिवस मोजतात. त्यांतल्या पुष्कळशा दिवसांत, बऱ्याच समाजांत तेहेतिसाव्या दिवसापर्यंत, वाद्यसंगीत टाळलं जातं. ज्या शिक्षिकेने वर्षभर पियानोवर भार टाकला तिचे हे आठवडे कठीण जातात. जिने हेश्वानात पाया घातला ती आता टाळ्या, पावलं, दोन गटांनी एकामागून एक उचलायच्या चाली यांवर तास रंगवते. सकाळच्या प्रार्थनेचं गाणं याच दिवसांत पाचवीच्या मुलांकडे सोपवावं. मूल पुढे उभं राहतं, सूर लावतं, आणि तो हमखास खाली लागतो. तोरा वाचनात चूक अर्थ बदलत असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करावीच लागते, तसा नियमच आहे. पट्टीच्या बाबतीत शिक्षिकेने तोंड उघडू नये. बालवाडीच्या मुलांबरोबर मागे उभं राहावं आणि तेवढं कडवं खालच्या पट्टीत जाऊ द्यावं. दुसऱ्या कडव्याला पुढचं मूल स्वतःच सूर वर घेतं, कधी दोन स्वर, कधी चार, आणि शेजारची मुलं कुरकुर न करता त्याच्या मागोमाग चढतात.