नाण्यावरचा चेहरा

गेल्या वर्षी आपल्या शाळेत इतिहासाच्या तासाला मी मुलांना एका रोमन नाण्याचे चित्र दाखविले. इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम जिंकले. त्या विजयाप्रीत्यर्थ सम्राट व्हेस्पासियनने पाडलेले ते ब्राँझचे नाणे. एका बाजूस सम्राटाचे मस्तक. दुसऱ्या बाजूस खजुराचे झाड आणि त्याखाली बसलेली स्त्री. मी सम्राटाविषयी बोलू लागलो, तोच मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, ही बाई का रडते?”

ती स्त्री म्हणजे पराभूत ज्यूडिया. सोन्याची नाणी धनिकांच्या पेटीत राहत. ब्राँझची बाजारात, कष्टकऱ्यांच्या हातांतून फिरत. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही जेता कोण आणि जित कोण हे त्या चित्रावरून कळे.

आपल्याकडेही सत्तेने नाण्याचा असाच उपयोग केला. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. हरलेल्या राजाचा चेहरा जिंकलेल्या राजाच्या ठशाखाली गेला.

विरारपासून एकाच स्थानकावर असलेल्या नालासोपाऱ्याचे नाणे मात्र मला निराळे वाटते. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. आतील दगडी पेटीत बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्राचे मानलेले तुकडे यांच्यासोबत यज्ञश्री सातकर्णीचे, त्याचा चेहरा असलेले चांदीचे नाणे निघाले. एरवी प्रजेसमोर मिरविणारे राजाचे मस्तक येथे धम्माच्या चरणी विसावले होते.

1990 साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त एक रुपयाचे नाणे निघाले. माझी आई वीटभट्टीवर काम करी. तिला अक्षरओळख नव्हती. एकदा भाजी घेताना सुट्ट्या पैशांत ते नाणे तिला मिळाले. पदराच्या गाठीत बांधून तिने ते घरी आणले आणि माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, “बघ रे, आता बाबा बाजारातबी आले.” रोमच्या सम्राटांना निरक्षराच्या हाती आपला चेहरा पोहोचवायचा होता, तो धाकासाठी. आईच्या हाती आलेला चेहरा तिच्या माणसाचा होता.

ते नाणे आम्ही खर्चले नाही. परंतु ते जपताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिताना बाबासाहेबांना चिंता होती ती रुपयाच्या स्थिर मोलाची; कारण ते घसरले की पहिला फटका मजुरीवर जगणाऱ्याला बसतो. नाण्यावर आपला माणूस आला, म्हणजे आपल्या घामाला मोल आले असे नव्हे.

म्हणून आईचा रुपया वर्गात नेतो तेव्हा मी मुलांना सांगतो : नाण्यावर चेहरा कोणाचा आहे हे अवश्य पाहा, पण त्याच्या मागल्या बाजूस कोणी रडत तर बसलेले नाही ना, हेही विचारा. हा प्रश्न मी शिकविलेला नाही. तो त्या मुलीने मला शिकविला.