आवळण्याआधी

क्लॅरिनेटचा स्क्रू वर आलेला दिसला की वादकाची बोटं शिवशिवतात. स्क्रू ड्रायव्हर हाती घेऊन तो दोन वेढे आवळतो आणि मोकळी चावी जागच्या जागी जखडते. दुरुस्ती करणाऱ्याकडे बरेच क्लॅरिनेट या आवळण्यानंतरच येतात.

पॅरिसमध्ये इयासिंत क्लोझे आणि ओग्यूस्त ब्युफे यांनी १८४० च्या आसपास घडवलेली रचनाच आज बहुतेक ठिकाणी चालते: १७ चाव्या, ६ कड्या. हा सगळा पसारा लाकडात आट्यांनी बसवलेल्या धातूच्या खुंट्यांवर पेललेला असतो. लाकूड बहुधा आफ्रिकन ब्लॅकवुड. जड, घट्ट, तरी हवेतली ओल त्यालाही कळते. मुंबईच्या पावसाळ्यात ते फुगतं, विदर्भाच्या उन्हाळ्यात आकसतं. खुंटीची पकड सुटली की स्प्रिंगच्या ओढीने ती किंचित फिरते, चावीचा आस वाकडा होतो. अशा वेळी स्क्रूला दोष देण्यात काय हशील? खुंटी काढून तिच्या बुडाशी पातळ पत्र्याची चकती घातली की काम होतं.

निदानाची जुनी, बिनखर्ची रीत अशी: चावीची स्प्रिंग आकड्याने सोडवायची आणि वाद्य कलतं करायचं. चावी आपल्या वजनाने पडली तर अडचण स्प्रिंगची किंवा चिकट पॅडची. नाही पडली तर स्क्रू पाव वेढा मागे घ्यायचा. तेवढ्याने मोकळी झाली, तर टोक जास्त खोल गेलंय किंवा खुंटी सरकलीय. तरीही हटून बसली, तर चावीच्या नळीतली लांब दांडी बाहेर काढून काचेवर लोळवायची. वाकलेली असेल तर ती डगमगते. दांडी सरळ निघाली, तर तिच्यावर गंज किंवा जुन्या तेलाचा डिंक शोधायचा. पावसाळ्यात पोलादी दांड्या नळीतच गंजतात, हा अनुभव आपल्याकडच्या बँडवाल्यांना नवा नाही. त्यावर आणखी तेल ओतणं ही सर्वांत वाईट मलमपट्टी. आधी धुवायचं, पुसायचं, मग सुईच्या टोकाएवढं तेल.

आणि खरोखरच सैल होणारा स्क्रू? आट्यांवर नेलपॉलिशचा ठिपका पुरतो. बाजारात लाल रंगाचं, स्क्रू कायमचा धरून ठेवणारं रसायनही मिळतं. तो सुटावा म्हणून पुढे खुंटी तापवावी लागते, आणि खुंटीखाली असतं लाकूड.