एमएच ०६ : खड्डे, हेल्मेट आणि पोपटी

वीकेंडला अलिबागला पळणाऱ्या कुणालाही विचारा, पेण म्हणजे काय? उत्तर येईल, जॅम. रोहा म्हणजे काय? इथे बहुतेकजण गप्पच होतील. फार तर कुणीतरी म्हणेल, 'दिवा-रोहा गाडीतलं रोहा ना?' हो, तेच. मध्य रेल्वे जिथे संपते आणि कोकण रेल्वे जिथे सुरू होते ते रोहा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांचं बालपण जिथे गेलं ते रोहा. आणि पेण म्हणजे निम्म्या महाराष्ट्राच्या घरात बसणारा गणपती, शिवाय पोह्याचे पापड. पण जानेवारीतल्या त्या शनिवारी मी निघाले ते यातलं काही बघायला नाही. मला रस्त्याच्या गप्पा ऐकायच्या होत्या. रायगडमध्ये दोन माणसं भेटली की तब्येतीची चौकशी नंतर, आधी हायवे कसा आहे ते विचारतात. त्यातून पेण म्हणजे एमएच ०६ नंबरप्लेटचं माहेर. जिल्ह्याचं आरटीओ ऑफिस इथलंच. गाडी, लायसन्स, दंड या विषयांवर इथे मत नसलेला माणूस शोधून दाखवा.

आम्ही चौघं होतो. गाडी ग्रुपमधल्या एकाची, दोन महिन्यांची, नवी कोरी. सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, आरशाला लिंबू-मिरची, डॅशबोर्डवर गणपती आणि डिकीत तीन प्रकारची फडकी. एक बॉडीसाठी, एक काचेसाठी आणि एक म्हणे 'फक्त आतून'. एवढी काळजी तर आमच्या आया आमची घेत नसतील. आणि याच गाडीत सीटबेल्टच्या खाचेत एक छोटीशी क्लिप खोचलेली. कशाला? तर बेल्ट न लावता बसलं की होणारी ती पीं-पीं बंद राहावी म्हणून! अशा क्लिप ऑनलाइन सर्रास मिळायच्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या काढून टाकायला लावल्या. आमच्या मित्राला ही कुणीतरी गाडीबरोबर प्रेमाने भेट दिली होती. मी मागे बसले आणि बेल्ट ओढला, तर शेजारची मैत्रीण हसली, 'अगं, मागे कोण लावतं?'

मागे कोण लावतं हे सप्टेंबर २०२२ पर्यंत मलाही कुणी विचारलं नसतं. पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागातली, रस्ता ओळखीचा. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही बेल्टची सक्ती केली. खरं तर नियम त्याआधीपासूनच होता, आपणच तो पुढच्या सीटपुरता वाचला होता. असो. त्या क्लिपचं काय झालं ते पुढे येईलच.

आम्ही अटल सेतूवरून गेलो. जानेवारी २०२४ मध्ये तो सुरू झाल्यापासून आमच्या पिढीचा पेण-अलिबागचा हिशोबच बदललाय. पण त्याची एक गंमत आहे. पुलावर शंभरची परवानगी. वीस मिनिटं तुम्ही समुद्रावरून तरंगत जाता, ना सिग्नल, ना म्हैस, ना टू-व्हीलर. उतरल्यावर पाय ॲक्सिलरेटरवरून निघतो, पण शंभर डोक्यात तसाच राहतो. आणि मग येतो गोवा हायवे, जिथे गावं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतात. शाळा इकडे, विहीर तिकडे, आजी मधोमध! साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय ठेवायचं आपण ठरवेपर्यंतच सतरा मीटर संपलेले असतात.

या हायवेचं जुनं नाव एनएच १७, आता ६६. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पट्टा चौपदरी करायचं काम २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर माझी दहावी झाली, बारावी झाली, मास कम्युनिकेशनची डिग्री झाली, दोन नोकऱ्या धरून सोडूनही झाल्या. हायवेवर मात्र 'काम चालू आहे' अजून चालूच दिसतं. कर्नाळ्याची वळणं, खारपाड्याचा पूल, मग पेण, पुढे वडखळ. डोलवीच्या कारखान्याकडे वळणारे लांबलचक ट्रेलर. त्यांच्यामागे किती अंतर ठेवायचं हे ज्याला कळलं त्याला हायवे कळला, असं पेणच्या गॅरेजवाल्या काकांचं म्हणणं.

काकांकडे आम्ही गेलो ते हवा चेक करायला, निघालो तासाभराने. त्यांची मतं ठाम होती. एक, मुंबईची माणसं बॉनेट पुसतात, टायर बघत नाहीत. दोन, मायलेजसाठी हवा जास्त भरतात आणि पावसात घसरतात. तीन, 'पॉलिश दिसतं हो, ब्रेक ऑइल दिसत नाही ना.' मग त्यांनी आमच्या मित्राला स्टेपनी दाखवायला सांगितली. ती कुठे आहे हे शोधण्यात पाच मिनिटं गेली. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली झिजली की तो टायर कायद्याने बाद. नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की समजायचं. हे मला काकांनी शिकवलं, तेही बोटाने दाखवून. शिवाय खारी हवा. पेण म्हणजे खारेपाट, भरतीचं पाणी शेतापर्यंत येणारा भाग. इथल्या गाड्या वरून चकचकीत आणि खालून गंजलेल्या. पाऊस संपला की गाडी खालून धुवा आणि मगच वरून, हा त्यांचा साधा सल्ला. उंदरांवरही त्यांचा उपाय आहे. भाताची कापणी झाली की उंदीर शेतातून निघतात आणि गरम इंजिनाशेजारी वायरी कुरतडत बसतात. त्यावर काही जण बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवतात. चालतं का? 'उंदरांचं माहीत नाही,' काका म्हणाले, 'पोरांनी पुडी पळवली की लगेच कळतं.'

या गॅरेजशेजारीच एक टेम्पोवाले दादा चहा पीत होते. गणपतीच्या सीझनमध्ये हमरापूर, जोहे भागातल्या कारखान्यांतून मूर्ती भरायच्या आणि मुंबई-पुण्याला पोहोचवायच्या, हे त्यांचं काम. तीन थरांत गवत, मध्ये कागद, कापड, दोऱ्या. स्पीड किती ठेवता? 'चाळीसच्या वर काटा गेला की मागून बाप्पा हाक मारतो.' एखाद्या मूर्तीचं बोट तुटलं तरी गिऱ्हाईक घेत नाही. त्यामुळे त्यांना खड्डा आधी दिसतो, हॉर्न नंतर सुचतो, आणि ओव्हरटेक तर जवळजवळ नाहीच. मी विचारलं, रिकामा टेम्पो परत आणताना? ते जरा ओशाळून हसले. 'तेव्हा काय, तेव्हा मी एकटाच ना!'

हे वाक्य मला रोह्यापर्यंत पुरलं.

खाण्याचं सांगायलाच हवं, नाहीतर एडिटर पान छापणार नाहीत. हायवेवरचं फास्ट फूड म्हणजे अर्थातच वडापाव. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर सुरू झालेला हा पदार्थ मुळात धावत्या माणसासाठीच होता, एका हातात धरून लोकल पकडता यावी म्हणून. प्रॉब्लेम असा, की आता तो एका हातात धरून लोक गाडी चालवतात. दुसऱ्या हातात मोबाइल असेल तर स्टीअरिंग कोण धरतं, देव जाणे. आमच्या गाडीत खायला बंदी होती. कारण सुरक्षितता नव्हे, सीटवर चटणी सांडेल. पण कारण काहीही असो, थांबून खाल्लं हे बरंच झालं. ट्रकवाल्यांचं आणखी एक निरीक्षण इथे ऐकलं. भरपेट जेवून दुपारी दोन-तीनला स्टीअरिंगवर बसू नका. थाळी, सोलकढी, वर भात, आणि मग डोळे असे मिटतात की कळतही नाही. ते स्वतः अर्धपोटी चालवतात आणि मुक्कामाला जेवतात. आपण उलटं करतो, बुफे झोडतो आणि लगेच 'चला, अंधार व्हायच्या आत पोहोचू'.

नागोठण्याहून रोह्याला दोन वाटा आहेत. एक भिसे खिंडीची, दुसरी सुकेळी खिंडीतून कोलाडमार्गे. आम्ही दुसरी घेतली आणि खिंडीच्या पायथ्याशी एका टपरीवर चहा घेतला. टपरीच्या खांबाला खिळ्यावर एक टॉर्च आणि दोरीचं वेटोळं टांगलेलं. फळीवर खडूने मोठ्ठं १०८. मला वाटलं दुकानाचा नंबर. टपरीवाले मामा म्हणाले, ॲम्ब्युलन्सचा. पावसाळ्यात महिन्यातून एक-दोनदा तरी लागतो, म्हणाले. पूर्वी लोक लांबून बघायचे. उचलून नेलं की पोलीस चौकी, साक्ष, कोर्टाच्या चकरा, कोण पडणार त्यात? २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच तसं कलम आलं. नाव सांगायचं की नाही हेसुद्धा मदत करणाऱ्याच्या मर्जीवर. जखमीला वेळेत हॉस्पिटलात नेणाऱ्याला केंद्र सरकारचं बक्षीसही आहे. २०२१ मध्ये ते पाच हजार होतं, २०२५ मध्ये पंचवीस हजार झालं. जखमीवर पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजनाही २०२५ मध्ये आली. मामांना यातलं बक्षीस माहीतच नव्हतं. कायदा मात्र माहीत होता, कारण एका हवालदाराने तो समजावून सांगितला होता. 'आधी माणूस गाडीत घालायचा,' ते म्हणाले, 'कागद नंतर.' मी विचारलं, आतापर्यंत किती जणांना नेलंत? त्यांनी चहा गाळला, पुढच्या गिऱ्हाइकाला दिला आणि मला म्हणाले, 'बिस्किट देऊ का?'

इथेच आमच्या मित्राने, कुणाला न सांगता, ती सीटबेल्टची क्लिप काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मागच्या मैत्रिणीने बेल्ट लावला. गाडीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही. नंतर अर्थातच गाण्यांवरून भांडण सुरू झालं.

कोलाडला राफ्टिंगवाल्यांच्या बसेस उभ्या होत्या. कुंडलिकेत सकाळी वरून पाणी सोडलं की इथे बोटी सुटतात. तिथे हेल्मेट आणि लाइफ जॅकेटशिवाय कुणी बोटीत पाय ठेवू देत नाही आणि सगळे आनंदाने घालतात, वर फोटोही काढतात. त्याच मंडळींतले दोघं नंतर बाइकवर डोकं उघडं टाकून निघालेले मी पाहिले. पाण्यापेक्षा डांबर मऊ असतं बहुतेक. याच कोलाडहून ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढवून गोव्याच्या वेर्ण्याला नेण्याची रो-रो सेवा कोकण रेल्वेने १९९९ मध्ये सुरू केली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये, ऐन गणपतीच्या तोंडावर, तीच सोय कारसाठीही निघाली. भाडं ठरलं होतं एका कारला ७,८७५ रुपये. आमच्या मित्राचे डोळे चमकले. ना खड्डा, ना ओरखडा!

मुक्काम रोह्याला मावशीकडे. नदीच्या एका बाजूला रोहा, दुसऱ्या बाजूला अष्टमी, नगरपरिषदेच्या नावात दोन्ही. मावशीच्या अंगणात पोपटी लागली होती. गावठी वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, वर भांबुर्ड्याचा पाला, पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्रर्र झालं की समजायचं झालं. याला फास्ट फूड म्हणता येईल का यावर आमच्यात वाद झाला. पिझ्झा यायलाही अर्धा तास लागतो, हा माझा मुद्दा कुणाला खोडता आला नाही. त्या पाल्याचा वास दोन दिवस हाताला राहतो.

मावशीचा मुलगा, म्हणजे माझा दादा, धाटावच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो. बाइकने, रोज. घर ते गेट दहा-बारा मिनिटं, आणि म्हणूनच हेल्मेट आरशाला. 'एवढ्याशासाठी कुठे!' हे त्याचं मत, आणि त्याच्या शिफ्टमधल्या बहुतेकांचं. दंड हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स सस्पेंड, हे त्याला पाठ आहे. गरम होतं, केस जातात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, ही कारणंही पाठ. मागच्या पावसाळ्यात त्याच्याच खात्यातला एक जण रात्री पाळी सुटल्यावर घसरला. हात मोडला. तो हेल्मेट घालणारा होता, त्यामुळे प्रकरण हातावर भागलं. दादाने हे मला सांगितलं, आणि पुढे म्हणाला, 'त्याचं घर लांब आहे ना पण.'

मावशी मध्ये काही बोलत नाही. तिची पद्धत वेगळी. सेकंड शिफ्ट असली की रात्री साडेअकरानंतर ती टीव्हीचा आवाज बंद करते आणि चित्र चालू ठेवते. बाइकचा आवाज लांबून ऐकू यावा म्हणून. मी तिच्याबरोबर बसले होते. वळणावरून एक बाइक गेली, तिने मान हलवली, ही नव्हे. दुसरी गेली, हीपण नव्हे. तिसऱ्याला ती उठून पोळ्या गरम करायला गेली.

रविवारी निघताना पिशवीत पापड, मिरगुंडं आणि उरलेल्या शेंगा कोंबून झाल्या. दादा दुपारच्या पाळीला निघत होता आणि घरभर बाइकची चावी शोधत होता. चावी सापडली ती टीव्हीवर, हेल्मेटच्या आत, अगदी तळाशी. मावशी म्हणे आठवडाभर हेच करतेय. त्याने हेल्मेट उचललं, उलटं केलं, चावी काढली, तिच्याकडे बघितलं. ती भांडी घासत होती. मग तो हेल्मेट हातात घेऊन जिना उतरला. डोक्यावर घातलं की नाही ते वरून दिसत नाही, मध्ये फणस आहे.